वहिनीचं नाक

वहिनी लग्न होऊन घरात आली तेव्हा नणंदेनं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं, की ही नाकानं कांदे सोलणारी आहे. ज्या खोलीत जाईल तिथं नाक वर! पिठाच्या डब्यापाशी थांबली, नाक मुरडलं. नणंदेच्या उशीपाशी थांबली, पुन्हा मुरडलं. आता ते आठवून नणंद एकटीच हसते. अहो, नखरे कसले, बाईला वास येत होते! पिठात अळ्या झाल्या होत्या, आणि उशीत... उशीचं जाऊ दे.

त्याच नाकावर वहिनीला शेंगदाण्याच्या गोदामात काम मिळालं. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, आतले दाणे ओंजळीत घ्यायचे, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचं. ओला माल पोत्यात कोंडला की आतून बुरशी धरते, आणि तिचं विष भाजून जात नाही की धुऊन जात नाही. वहिनीनं मान हलवली की पोतं बाजूला. नणंद शेजारीच बसून काळे, सुरकुतलेले दाणे निवडायची. दादाची पाठ गेल्यापासून घर या दोघींवरच होतं.

मग वहिनीला ताप आला. ताप उतरला, ती कामावर परतली, पण जरा गप्पगप्पच असायची. नणंदेला वाटलं, अशक्तपणा असेल.

एका सकाळी नणंद अंघोळ करून बाहेर आली तर घरभर करपल्याचा वास, आणि वहिनी गॅसशेजारी खुशाल भाजी चिरतेय.

"वहिनी! अगं, दूध जळून कोळसा झालं!"

वहिनीनं पातेल्यात डोकावून पाहिलं. गॅस बंद केला आणि खालीच बसली.

"तापापासून मला कसलाच वास येत नाही गं. जेवण म्हणजे नुसतं चावणं झालंय. पोराच्या डोक्याला नाक लावते, तर भिंतीला लावल्यासारखं वाटतं."

"मग गोदामात पोती कशी पास करतेस?"

"हमालाच्या तोंडाकडे बघून. पोतं टेकवताना त्यानं तोंड वाकडं केलं, की मी बाजूला काढते."

नणंदेला हसू फुटलं आणि तिथंच विझलं. "अगं, काल तो दिवसभर शिंकत होता! नाक चोंदलं होतं त्याचं!"

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. काल तिनं एकही पोतं बाजूला काढलं नव्हतं. आणि तो माल आज लहान मुलांच्या खाऊच्या कारखान्याला जायचा होता.

"तू गप्प बस," नणंद म्हणाली. "सगळं ठीकच असेल. तुझं काम गेलं तर खायचं काय आपण?"

वहिनीनं चपला घातल्यासुद्धा होत्या.

गोदामात ट्रक भरून उभा होता. वहिनीनं सगळ्यांसमोर मालकांना सांगून टाकलं. मालक आधी हसले, मग संतापले, मग त्यांनी पोती उतरवायला लावली. ड्रायव्हर शिव्या घालत होता. हुंगायला नणंद पुढे झाली. वहिनी हात बांधून उभी, आता नणंदेच्या तोंडाकडे बघत. किती तरी पोती चांगली निघाली. नणंदेला वाटलं, सुटलो. मग एका पोत्यातून बंद पडलेल्या न्हाणीसारखा कुबट भपका आला. तिनं तोंड सरळ ठेवायचा फार प्रयत्न केला. वहिनीनं ओळखलंच.

त्याच्या शेजारची पोतीही तशीच होती. आत दाण्यांवर हिरवट पूड.

मालकांनी कामावरून काढलं नाही, एवढंच. वहिनीला पोती शिवायला बसवलं आणि तिच्या जागी नणंदेला. त्या दिवशी घरी भाजी अळणी झाली होती. वहिनीनं मीठही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नणंद येऊन बघते, तर तपासणीच्या जागचं स्टूल वहिनीनं आपल्याकडे ओढून घेतलेलं, आणि वर बसून दाभणात सुतळी ओवणं चाललेलं.

"वहिनी, ते स्टूल तपासणाऱ्याचं आहे."

"असू दे."

"असू दे काय? आता मी तपासते ना!"

"तपास की. मी कुठं अडवलंय?"

"तूच बसायचीस की त्यावर इतकी वर्षं!"

"बसायचे. पण नाकावर नव्हते बसत." वहिनीनं सुतळी दातानं तोडली. "नाक गेलंय माझं, बूड शाबूत आहे."

हमाल पोतं टाकून हसत सुटला. नणंदेनं सळई उचलली. मग ती उभ्याउभ्याच कामाला लागली.