गुटीचं बोट

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी गोष्ट का होते ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. कल्याणला माहेरी घड्याळ बंद पडलं की वडील ते आधी माझ्यापासून लपवायचे, कारण मी ते उघडून टाकायचे आणि परत कसं जोडायचं याचा विचार नंतर करायचे. पुढे शाळेत विज्ञान शिकवायला लागले तेव्हा या खोडीला जरा प्रतिष्ठा मिळाली एवढंच. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर शिंकायची सोय नाही. का शिंकलास, विचारते."

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडे आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपर रोडच्या बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीला लागून दगडाची पायरी आणि पायरीच्या पलीकडे खाडीपर्यंत पसरलेलं खाजण. घरात मी, नवरा, सासूबाई आणि आमची पाच महिन्यांची मुलगी. सासूबाई रत्नागिरीकडच्या. मुंबईला येऊन तीस-एक वर्षं झाली तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं. बाळाची आंघोळ, शेक, गुटी हे सगळं त्यांच्या हातात होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच होतं. साबण लावलेलं ओलं बाळ हातातून सटकेल या भीतीने माझे खांदे भरून यायचे. त्या मात्र पायांवर पोरीला आडवी घालून पापड लाटावा तितक्या सहज न्हाऊ घालायच्या.

मुलीच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या आणि त्याच सुमाराला तिला ते व्हायला लागलं. 'ते' असंच आम्ही म्हणायचो, कारण त्याला काय म्हणावं ते कुणालाच माहीत नव्हतं. सकाळी छान हसत उठायची. मग थोड्या वेळाने तोंडातून लाळ गळायला लागायची, चेहरा पांढरा पडायचा, कपाळावर गार घाम यायचा, भडाभडा उलटी व्हायची आणि ती खांद्यावर ओल्या फडक्यासारखी पडून राहायची. हाक मारली तरी डोळे पुरते उघडायची नाही. घाबरून आम्ही तिला उचलून नाक्यावरच्या डॉक्टरांकडे पळायचो. तिथे आमचा नंबर लागेपर्यंत बाईसाहेब जाग्या होऊन शेजारच्या पेशंटचा चष्मा ओढत असायच्या.

डॉक्टर पोट दाबून बघायचे, जीभ बघायचे आणि माझ्याकडे बघायचे. "हिला काय झालंय?"

"मगाशी झालं होतं," मी म्हणायचे. हे वाक्य इतकं बावळट वाटायचं की दुसऱ्यांदा म्हणवत नसे.

असं रोज व्हायचं नाही, आणि मला छळत होतं ते हेच. व्हायचंच तर रोज का नाही? झालं तर सकाळीच का? मी शोधाला लागले. पहिला संशय गुटीवर होता, कारण तिच्या पोटात दूध सोडून जाणारी ती एकच गोष्ट. सासूबाई सकाळी पायरीवर बसून सहाणेवर माझं दूध घ्यायच्या आणि त्यात एकेक उगाळायच्या: मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, हळकुंड, सुंठ, जायफळ. प्रत्येकाचे वेढे ठरलेले. मग ते चाटण बोटाने तिला चाटवायच्या आणि त्याच बोटाने हिरड्या चोळून द्यायच्या. पोरगी ते बोट दोन्ही हातांनी धरून चोखत बसायची.

जायफळाने झोप येते म्हणून मी जायफळ बंद करवलं. फरक पडला नाही. वेखंडाने उलटी होते असं कुठेतरी वाचलं होतं, ते बंद करवलं. फरक नाही. एकेक करता सुंठही गेली आणि हळकुंडही गेलं. सासूबाई हूं की चूं करत नव्हत्या, पण उगाळताना सहाण जरा जास्तच जोरात वाजायची.

"चार पोरा वाढवलंय मी याच गुटीवर," एकदा एवढंच म्हणाल्या.

"आई, तिला म्हणू दे काय ते," नवरा म्हणाला. "सुतावरून स्वर्ग गाठल्याशिवाय ती थांबायची नाही."

मग संकष्टी आली. त्या दिवशी मुलीला काही झालं नाही. पुढच्या संकष्टीलाही नाही. शेजारच्या काकूंनी लगेच निकाल दिला की गणपती सांभाळतोय, पोरीला दृष्ट आहे आणि नारळ उतरवून खाडीत टाका. मला गणपतीबद्दल तक्रार नव्हती, पण तो महिन्यातून एकच दिवस का सांभाळतो हा प्रश्न मला पडलाच. काकूंनी माझ्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर मी आठवडाभर कल्याणला माहेरी गेले. हट्टाने सहाण, गुटीच्या सगळ्या मुळ्या, अगदी तोच डबा बरोबर नेला. माझी आई तशीच गुटी उगाळून रोज द्यायची, जायफळ-वेखंडासकट. मुलीला एकदाही काही झालं नाही. परत आलो, आणि दुसऱ्याच सकाळी ती माझ्या खांद्यावर पांढरीफटक होऊन पडली. म्हणजे गुटी नव्हती. मग काय, आमच्या नळाचं पाणी? खाजणावरची हवा? मी हे सगळं मोठ्याने बोलत होते आणि सासूबाई आत भांडी लावत ऐकत होत्या, हे माझ्या लक्षातच आलं नाही. "आमच्या घरात पोर नांदत नाय, असाच ना?" त्या म्हणाल्या. मला त्यांना असं म्हणायचं नव्हतं.

त्या सकाळी मात्र दवाखाना रिकामा होता. डॉक्टरांनी तिला पहिल्यांदाच तसं पाहिलं. पापणी वर करून बॅटरी मारली, हात उचलून सोडून दिला. तो लोळागोळा होऊन पडला. त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं हसू गेलं. फिट असू शकते, म्हणाले. लहान बाळांची फिट कधीकधी अशीच असते, झटके न येता. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेऊन मेंदूचा आलेख काढावा लागेल, आणि तसंच निघालं तर वर्षानुवर्षं औषध. "त्याआधी इथल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंना एकदा दाखवा," असं म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या चिठ्ठ्या दिल्या.

मी विज्ञान शिकवते, पण त्या चार-पाच दिवसांत माझं डोकं चाललं नाही. ती झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. पुढे ही चालेल का, बोलेल का, माझ्याच शाळेत माझ्याच वर्गात बसेल का, एवढंच मनात यायचं. मला भयंकर भीती वाटत होती.

मुलांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना स्टेशनजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या वर होता. बाई बेताच्या उंचीच्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, गुटी, संकष्टी, कल्याण, एकही शब्द न तोडता. असं माझं ऐकून घेणारं माणूस मला फार वर्षांनी भेटत होतं. शेवटी म्हणाल्या, "उद्या तिघीही या. आजींना आणा. आणि सकाळी जे करता ते इथे करून दाखवा. सगळं, जसंच्या तसं. गुटी घरी आधी उरकू नका, आणि सकाळचं बाकी काही टाळूही नका."

दुसऱ्या दिवशी सासूबाई नऊवारी नेसून, कापडी पिशवीत सहाण घेऊन आल्या. तपासायच्या खाटेशेजारी स्टुलावर बसल्या, मांडीवर टॉवेल पसरला आणि उगाळायला लागल्या. परीक्षा द्यायला बसल्यासारखा चेहरा झाला होता त्यांचा. बाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. गुटी उगाळून झाली, सासूबाईंनी बोट चाटणात बुडवलं आणि मुलीने आ केला.

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी तो हात अलगद धरला, बोटावरचं चाटण कापसाने पुसलं आणि ट्यूबलाइटखाली नेऊन बघितलं. नखाच्या कडेने काळपट तपकिरी रेघ होती. त्यांनी बोट नाकाजवळ नेलं.

"आजी, मशेरी लावता?"

"लावते की."

"कधी?"

"सकाळी उठल्याबरोबर. त्याबिगर पोट साफ होत नाय माझा."

"आणि गुटी?"

"त्याच्यामागनं. हात धुते मी," सासूबाई घाईने म्हणाल्या. "चांगला पाण्याने धुते."

"आणि संकष्टीला?"

"संकष्टीला आधी आंघोळ, मग पूजा. गुटी त्याच्यामागनं. पूजा होईस्तोवर मशेरीला हात लावत नाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते मी तोवर शाळेत असताना वाक्यात उपयोग करण्यापुरतंच वापरलं होतं. रोज सकाळी पायरीवर बसून तव्यावर भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड दातांना घासणाऱ्या सासूबाई मला दिसत होत्या. पण कावळा दिसावा तशा, रोजच्या म्हणून. मुळ्या मोजल्या, पाणी तपासलं, गणपतीची उलटतपासणी केली, आणि बोटाकडे पाहिलंच नाही.

बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर बसल्या. "आजी, तुम्ही पहिल्यांदा मशेरी लावली तेव्हाचं आठवतं?"

"आठवता. दाढ दुखायची म्हणून सासूने लावायला दिलेली. नवीनच लग्न झालेला."

"काय झालेलं?"

"काय होणार? गरगरला. घाम फुटला. वकलेली मी आणि पडून राह्यलेली दुपारपर्यंत." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज खाली आला. त्यांनी मुलीकडे बघितलं.

"हिची रोज पहिलीच वेळ असते," बाई म्हणाल्या. रागाने नव्हे, अगदी साधं. "पाण्याने ते जात नाही, आणि ही बोट चोखते, कधी कमी, कधी जास्त. पण मला खात्री नाही. थोडे दिवस बोट बंद करून बघू. त्यात काहीच झालं नाही तर हेच होतं. झालं, तर मात्र मुंबईला जा."

घरी आल्यावर सासूबाईंनी सहाण माझ्या हातात दिली आणि देव्हाऱ्यासमोर जाऊन बसल्या. मी पाणी द्यायला गेले तर त्या पुटपुटत होत्या. मला वाटलं माफी मागताहेत. तसं नव्हतं. "माझाच दोष निघू दे रे म्हाराजा," त्या म्हणत होत्या, "माझ्याच बोटाचा असू दे. पोरीचा काय नको." मी पाण्याचा तांब्या तिथेच ठेवला आणि मागे पायरीवर जाऊन रडले.

पुढचे दिवस त्या मुलीला हात लावत नव्हत्या. लांबून बघायच्या. पोरगी त्यांच्याकडे झेपावायची आणि त्या तोंड फिरवून मोरीत जायच्या. सकाळी मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे तेव्हा दारातून विचारायच्या, "गार लागता काय गो?" मी नाही म्हणायचे. संकष्टी येऊन गेली, तिच्या मागचे-पुढचे सगळे दिवस गेले आणि तिला एकदाही ते झालं नाही. बाईंनी मुंबईची चिठ्ठी फाडून टोपलीत टाकली. मी पेढे घेऊन घरी आले. सासूबाईंनी पेढा देवापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे मीच." एवढं समाधान मी कुणाच्याही गुन्ह्याच्या कबुलीत पाहिलेलं नाही.

मशेरी सुटली असेल असं मला वाटलं होतं. बाईंनी सांगितलंच होतं, आणि सासूबाईंनी प्रयत्नही केला. डोकं दुखायचं, पोट फुगायचं, चिडचिड व्हायची, डबी उघडायच्या आणि बंद करायच्या. एका सकाळी मी मागच्या दारात आले तर त्या पायरीवर बसून मशेरी लावत होत्या. मी बोलणारच होते. पण काहीतरी विचित्र दिसत होतं, हात अडखळत होता, पूड ओठावर सांडत होती. मग कळलं. त्या डाव्या हाताने लावत होत्या.

हे किती मोठं होतं ते आजच्या मुलांना सांगून पटत नाही. डाव्या हाताने प्रसाद घेतला म्हणून मला त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात चारचौघांत बोल लावले होते. डाव्या हाताने त्यांनी कधी मीठ वाढलं नव्हतं, कुणाला फूल दिलं नव्हतं. तो हात मोरीचा. आणि तोच त्या आता तोंडात घालत होत्या. उजवा हात मांडीवर उघडा ठेवलेला होता. नारळाच्या काथ्याने आणि चिंचेने घासून घासून त्याचं बोट सोललं होतं, आणि नखाची रेघ गेली होती.

माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "ह्यो पोरीचा हात. ह्याला आता काय लावायचा नाय." मग डावा हात साबणाने धुतला, उजवाही धुतला आणि आत जाऊन पोरीला उचललं. तिने लगेच ते बोट पकडलं.

त्या पुढे बरीच वर्षं जगल्या. मशेरी सुटली नाही आणि हातही बदलला नाही.

परवा माझी मुलगी तिची लेक घेऊन ठाण्याला माझ्याकडे आली होती. नात आता खायला शिकतेय. तिने वरणभाताचा चमचा डाव्या हातात घेतला. मी तो उजव्यात द्यायला गेले तर मुलगी म्हणाली, "राहू दे गं आई. पणजीवर गेलीये. आजी पण डावखुरीच होती ना? मशेरी डाव्या हातानेच लावायची."

मी चमचा नातीच्या डाव्या हातात परत दिला. "नव्हती," मी म्हणाले. "तुझ्यासाठी झाली."