गणिताच्या वरच्या वर्गाची वाट

शुभा वडनेरकर नागपूरच्या एका शाळेत गणित शिकवत. २००१ मध्ये पती परीक्षित यांच्या नोकरीमुळे त्या न्यू जर्सीत, पिस्कॅटवेच्या आसपासच्या एका गावात आल्या. त्यांच्या व्हिसावर नोकरी करण्याची मुभा नव्हती, त्यामुळे शिकवणे थांबले. पुढची काही वर्षे त्या मुलगा यशोधनचा अभ्यास घेत आणि तेवढ्यावर समाधान मानत.

मग गावातील मराठी मंडळ आणि तेथील कृष्णवर्णीयांचे एक चर्च यांनी मिळून शनिवारचा उपक्रम सुरू केला. मंडळातील प्रौढांनी चर्चच्या एकेका मुलाशी वर्षभर नाते जोडावे, त्याला अभ्यासात आणि अभ्यासाबाहेरही सोबत करावी, अशी कल्पना होती. मंडळाने मात्र ती आपल्या सवयीप्रमाणे शिकवणी म्हणूनच समजून घेतली. चर्चच्या तळघरात घडीच्या टेबलांवर पाढे आणि अपूर्णांक सुरू झाले. शुभाताईंच्या वाट्याला आलेली इमानी यशोधनसारखीच सातवीत, त्याच्याच शाळेत होती. नाताळच्या तोंडावरही गृहपाठ मिळाला, तेव्हा ती म्हणाली, “मिस शुभा, तुमच्या देशात सुट्टी हा प्रकार अजून पोहोचला नाही का?” शुभाताई पोटभर हसल्या आणि गृहपाठ तसाच ठेवला. इमानीची समज लख्ख होती. एखादी रीत सांगितली, की “पण असंच का?” हे ती विचारणारच.

२००५ च्या वसंतात शाळेने आठवीच्या बीजगणिताच्या वर्गासाठी शिफारसी जाहीर केल्या. हा वर्ग मिळाला तरच पुढे वरच्या गणिताची दारे उघडी राहत. इमानीचे नाव त्यात नव्हते. तिला वाढवणारी आजी, मिसेस व्हिटफील्ड, चर्चच्या बाजूने हा उपक्रम सांभाळत. शनिवारी त्या शांतपणे म्हणाल्या, “शाळेने नाही म्हटलं.”

“मग विनंती करायची,” शुभाताई सहज बोलून गेल्या.

“कसली विनंती?”

यशोधनचीही शिफारस झालेली नव्हती. पण शिफारस नसली तरी उपप्राचार्यांना भेटून आग्रह धरला की वर्ग मिळतो, हे मंडळातल्या प्रत्येक घराला ठाऊक होते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण घेताघेता बायका एकमेकींना सांगत, कोणाला भेटायचे, काय बोलायचे. त्याप्रमाणे शुभाताई जाऊन आल्या होत्या आणि यशोधनचे काम झाले होते. ही वाट सर्वांसाठीच आहे, असे त्या धरून चालल्या होत्या. मिसेस व्हिटफील्ड यांचा जन्म या गावातला, मुलेही इथल्याच शाळेत शिकलेली. त्यांना ही वाट कधी कोणी सांगितलीच नव्हती.

मिसेस व्हिटफील्ड यांनी शाळेकडे भेट मागितली आणि शुभाताईंना सोबत येण्याची विनंती केली. बातमी मंडळात पोहोचली. मंडळाचे अध्यक्ष श्रीरंगकाका घरी आले.

“वहिनी, मुलीला शिकवा, हवं तेवढं शिकवा. पण तिथे जाऊन आपली वाट कशाला दाखवता? उद्या सगळ्यांचीच बंद होईल. आणि त्या चर्चवाल्यांचं नि शाळेचं जुनं भांडण आहे, आपण त्यात कोण?”

“त्यांची मुलं आपण दर शनिवारी शेजारी बसवतो, श्रीरंगकाका.”

“ते सोशल वर्क झालं हो!”

परीक्षितही अस्वस्थ होते. “ग्रीन कार्डची फाइल अडकलीय. आत्ताच कशाला? आणि यशचा विचार केलास?”

“त्याचाच करतेय,” शुभाताई म्हणाल्या. त्याचा अर्थ परीक्षितना तेव्हा कळला नाही.

भेटीत इमानी आजीच्या शेजारी बसली होती. उपप्राचार्य सौजन्याने म्हणाले, “निवड शिक्षकांच्या शिफारशीनेच होते. पालकांच्या विनंतीला त्यात स्थान नाही.”

शुभाताई खुर्चीत पुढे सरकल्या. “मी इथेच बसले होते. माझ्या मुलाची शिफारस नव्हती. मी विनंती केली, तुम्ही मान्य केलीत.”

“ते प्रकरण वेगळं होतं.”

“वेगळं कशात?” मिसेस व्हिटफील्ड यांनी विचारले. उपप्राचार्यांनी भेट तिथेच संपवली.

मिसेस व्हिटफील्ड तेवढ्यावर थांबल्या नाहीत. चर्चमधील पालकांना घेऊन त्यांनी तोच प्रश्न शिक्षण मंडळाच्या जाहीर सभेत विचारला. अखेर शाळेने शिफारसी आणि विनंत्या दोन्ही बाजूला ठेवल्या आणि इच्छुक असलेल्या प्रत्येकासाठी एकच परीक्षा घेतली. इमानीला वर्ग मिळाला. चर्चमधल्या आणखी काही मुलांनाही मिळाला. मराठी मंडळातल्या काही मुलांची नावे गळाली, आणि त्यांत यशोधनचे नाव होते. मंडळाने उपक्रमातून अंग काढून घेतले. कारण ‘वेळेअभावी’ असे कळवण्यात आले. शुभाताई मात्र दर शनिवारी चर्चच्या तळघरात इमानीला शिकवायला जात राहिल्या. शुभाताईंना कार्यक्रमांची निमंत्रणे येत राहिली, पण स्वयंपाकघरात त्या आल्या की गप्पा थांबत.

परीक्षेच्या निकालाच्या संध्याकाळी जेवताना यशोधनने विचारले होते, “आई, यू न्यू? मी पास होणार नाही हे?”

“हो. तुझा पाया कच्चा आहे, हे मला आधीपासून माहीत होतं.”

“देन व्हाय डिड यू आस्क फॉर मी?”

“सगळे मागत होते म्हणून.”

त्याने ताट बाजूला सारले. “इमानीला माहितीये, की मला तसाच वर्ग मिळाला होता?”

“तिच्यासमोरच बोलले मी.”

“मग उद्या शाळेत तिला तोंड कसं दाखवू?”

“जसं मी शनिवारी दाखवते, तसं,” शुभाताई म्हणाल्या. “मान खाली घालून का होईना, पण जायचं.”