नाव जितकं लहान

ज्या माणसाने फ्रान्स कधी पाहिलाच नाही, त्याने फ्रान्सची इतकी काळजी वाहिल्याचं दुसरं उदाहरण जगात नसेल. अमेरिकेतल्या श्रूजबरीत ज्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहतो, ते काका मूळचे नागपूरचे. ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं उभे आहेत, आणि बाहेर गेलो तर परत येताना व्हिसाचं काहीतरी अडेल या भीतीने ते फ्रान्सलाच काय, जवळच्या कॅनडालाही गेलेले नाहीत. पण फ्रान्समधल्या कुठल्या गावाच्या वेशीपर्यंत कुठलं नाव बाटलीवर लावता येतं, हे त्यांना तोंडपाठ आहे. पितात म्हणावं तर तेही नाही. ग्लासात बोटभर ओततात, वास घेतात, लेबल वाचतात, आणि मग पुन्हा लेबल वाचतात. काकू म्हणतात, "ह्यांना वाइन चढत नाही, कागद चढतो."

काकांचं म्हणणं थोडक्यात असं, म्हणजे ते स्वतः थोडक्यात कधीच सांगत नाहीत, की तिथे वाइनला तिच्या जमिनीचं नाव मिळतं आणि ते नाव कायदा राखतो. त्या हद्दीत कुठली द्राक्षं लावायची, किती पीक घ्यायचं, वेलींना पाणी द्यायचं की नाही, सगळ्याला नियम. नुसतं 'फ्रान्स' लिहिलेली बाटली सगळ्यात साधी. प्रांताचं नाव आलं की मान वाढला, गावाचं आलं की आणखी वाढला, आणि बर्गंडी प्रांतातल्या सगळ्यात वरच्या बाटल्यांवर तर गावही नसतं, फक्त त्या एका शेताचं नाव. "नाव जितकं लहान, तितका मान मोठा," हे सांगताना ते उजव्या हाताची चिमूट करून दाखवतात.

एवढं ज्ञान श्रूजबरीत वाया जाऊ नये म्हणून काका ते आमच्यावर वापरतात. न्यू इयरला कोणी कॅलिफोर्नियाची बाटली उघडून शॅम्पेन म्हणालं, तर काका ग्लास खाली ठेवून ती शॅम्पेन नसून बुडबुड्यांची वाइन आहे हे समजावतात, आणि ते होईपर्यंत बुडबुडे संपलेले असतात. इथल्या मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, साताऱ्याच्या एका मावशींनी 'कोल्हापुरी मिसळ' अशी चिठ्ठी लावली होती. काकांनी खिशातून पेन काढून त्यात 'पद्धतीची' हा शब्द घातला. मावशींनी चिठ्ठी वाचली, पातेल्यावर झाकण घातलं आणि पातेलं उचलून त्या घरी गेल्या. त्या दिवशी आम्ही नुसते पाव खाल्ले. परतताना गाडीत काकूंनी विचारलं, की मी जन्माने अमरावतीची, लग्नाने नागपूरची आणि आता इथली, तर माझ्या लेबलावर काय लिहाल? काका एक्झिट चुकवण्याइतका विचार करून म्हणाले, "द्राक्षं कुठली ते मोठ्या अक्षरात. बाटली कुठे भरली ते खाली, बारीक." काकूंनी घरी आल्यावर त्यांना अर्धा कप चहा दिला आणि हा बारीक अक्षरातला आहे म्हणून सांगितलं.

मी राहायला आलो त्याच आठवड्यात काकांनी मला गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर त्यांचं समाधान होईना. तालुका कुठला, गाव कुठलं, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे. माझी आई तिथे द्राक्षांच्या बागेत विरळणीला जाते, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढते, हे ऐकल्यावर त्यांनी जेवता जेवता हात थांबवला आणि जमीन काळी की मुरमाड ते विचारलं. आमच्या गावाबद्दल इतक्या आदराने कोणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. मी सगळं सांगितलं. ऐकायला आम्ही दोघंच होतो, म्हणून असेल.

मग गेल्या उन्हाळ्याआधी काकांच्या ओळखीचे एक मॅनेजर जेवायला आले. पुण्याचे, आणि त्यांच्या टीममध्ये इंटर्न हवा होता. मी शर्टाला दोनदा इस्त्री केली, इंग्रजी वाक्यं पाठ केली. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ते निदान त्या एका संध्याकाळी दिसू नये, एवढंच मला हवं होतं. काकांनी मला हाताला धरून पुढे नेलं आणि एखादी दुर्मिळ बाटली दाखवावी तसं म्हणाले, "तासगाव तालुका, कोरडेवाडी, ओढ्याच्या अलीकडची बाग."

पाहुण्यांनी चांगल्या मनानेच विचारलं, "अरे वा, किती एकर आहे तुमची?"

"ह्यांची नाही हो," माझ्याआधी काकाच म्हणाले. "ह्याची आई मजुरीला जाते तिथे. पण बर्गंडीत दर्जा जमिनीला असतो, मालकाला नाही."

पाहुणे ओके, ओके म्हणाले. पाठ केलेली वाक्यं कुठे गेली कळलं नाही. जेवणभर मी ताटातल्या भाताकडे बघत राहिलो. सगळे गोडाकडे वळल्यावर मी काकांच्या मागे किचनमध्ये गेलो आणि म्हणालो, "काका, यापुढे नुसतं सांगलीचा म्हणाल का?"

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. हातातला ग्लास ते बराच वेळ पुसत राहिले. "चालतं," ते म्हणाले. "वरच्या नावाचा हक्क असला तरी स्वतःहून खालचं लेबल लावता येतं. कायद्यात तशी सोय आहे." मग ग्लास कपाटात ठेवताना, माझ्याकडे न बघता, "परत वर मात्र चढवता येत नाही."

इंटर्नशिप मला मिळाली. त्यासाठी जे काही विचारलं गेलं त्यात गाव कुठेच नव्हतं, आणि मॅनेजर मला भेटले की आधी आईची तब्येत विचारतात. मला तेव्हाही खाली बघावंसं वाटतं, पण आता वेगळ्या कारणासाठी. काका नियमाचे पक्के. त्यांनी त्यानंतर माझ्या गावाचं नाव घेतलेलं नाही, आणि शंका आली तर एक पायरी खालीच राहतात.

परवा रविवारी शेजारी नवीन राहायला आलेलं कुटुंब जेवायला होतं. हा कुठला, असं त्यांनी विचारलं. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर परवानगी मागितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "महाराष्ट्रातला." पाहुणे नाइस म्हणाले आणि प्लेट्स घ्यायला वळले. मी कोरडेवाडी म्हणायला तोंड उघडलं, आणि कोशिंबीर कुठे ठेवली आहे ते त्यांना सांगितलं.