तव्यावर जमलेली सोयरीक

माझं लग्न एका जपानी आचाऱ्यानं जमवलं. त्याला ते अजून ठाऊक नाही आणि माझ्या सासऱ्यांना ते अजून पचलेलं नाही.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन मी मुंबईच्या एका कारखान्यात चिकटलो होतो. (गावात म्हणत, विलास मुंबईत सायब झाला. सायब दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहून आळीपाळीनं भांडी घासत होता.) एका नातेवाइकाच्या लग्नात मी रोहिणी जगदाळेला पाहिलं आणि त्याच पंगतीत श्रीखंडाची वाटी स्वतःच्या मांडीवर पालथी घातली. ही मुलगी मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती. तिनं मात्र मला पाहिलंसुद्धा नव्हतं.

तिचे वडील मूळचे लोणंदकडचे, पण ते कुणाला सांगू देत नसत. मुंबईत जहाज कंपनीत मोठे अधिकारी, कामानिमित्त जपान पाहून आलेले, बोलणं परीटघडीचं. मध्यस्थानं विषय काढला तेव्हा त्यांनी कळवलं, की मुलगी दाखवायचा, कांदेपोह्यांचा प्रकार आम्हाला पटत नाही. दोन्ही घरं बाहेर एका जपानी हॉटेलात जेवायला भेटू. निरोप ऐकून माझ्या आईनं एवढंच विचारलं, की त्यांच्या घरातला गॅस संपलाय का.

माझी खरी काळजी होती ती आबांची. आबा म्हणजे माझे वडील. कराडजवळच्या आमच्या गावात ऊस आणि म्हशी सांभाळणारे, तरुणपणी पंचक्रोशीतली मैदानं मारलेले पैलवान. तालमीत मुडपलेले कान, दरवाजातून तिरकं होऊन आत यावं लागेल असे खांदे आणि कुजबुज केली तरी शेजारच्या वस्तीवर ऐकू जाईल असा आवाज. हा माणूस पंचतारांकित हॉटेलात नेऊन बसवायचा होता, तोही माझ्या होणाऱ्या सासऱ्यासमोर!

मी शनिवारी गाव गाठलं आणि शिकवणी सुरू केली. जपानी लोक दोन काड्यांनी जेवतात, हे मी एका मासिकात वाचलं होतं. खराट्याच्या काड्या कापून, धुऊन आई-आबांच्या हातात दिल्या आणि परातीत शेंगदाणे ओतले. आई मुकाट्यानं उचलायला लागली. आबांनी काड्यांचे चार जोड मोडले आणि मग मूठभर शेंगदाणे तोंडात टाकून म्हणाले, "पोटाला मिळाल्याशी मतलब." मी स्वतः मात्र इतका तरबेज झालो होतो, की शेंगदाणा सोडाच, साबुदाण्याचा दाणा उचलून दाखवायचो. (पुढचा प्रसंग वाचल्यावर वाचकांनी हे वाक्य माफ करावं.)

शिवाय नियम घालून दिले. ढेकर द्यायचा नाही, कुस्तीचा विषय काढायचा नाही आणि फेटा घरी ठेवायचा. पहिले दोन आबांनी मान्य केले. तिसरा ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की तो मी तिथंच मागं घेतला.

"बोडक्या डोक्यानं सोयरीक करायला जात्यात व्हय?" ते म्हणाले. "मयताला जातुय का आपुन?"

तर ठरल्या संध्याकाळी आबा गुलाबी फेट्यात, आई इरकली लुगड्यात आणि मी मित्राच्या कोटात असे आम्ही त्या हॉटेलात शिरलो. जगदाळेसाहेब, त्यांच्या पत्नी आणि रोहिणी आधीच येऊन बसले होते. टेबल पाहूनच माझी शिकवणी निम्मी वाया गेली. टेबल कसलं, दारापेक्षा मोठा लोखंडी तवाच तो, आणि त्याच्या तिन्ही बाजूंनी आपण बसायचं! आईनं तव्यावरून हात न फिरवता नुसती नजर फिरवली आणि शेजारच्या जगदाळेबाईंना सांगितलं, की यावर आख्ख्या भावकीच्या भाकरी एका दमात होतील. बाई कसनुशा हसल्या.

आधी थंड भाताचे मुटके आले आणि त्यांवर कच्च्या माशाच्या चकत्या. जगदाळेसाहेबांनी हा किती नामांकित पदार्थ आहे ते समजावून सांगितलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, एक मुटका उचलून गिळला आणि अदबीनं विचारलं, की अजून चूल पेटली नाही का. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. तो पाय जगदाळेसाहेबांचा निघाला.

तेवढ्यात आचारी आला. पांढराशुभ्र पोशाख, हातभर उंच टोपी, कमरेला सुऱ्या. तो तव्यापलीकडे उभा राहिला आणि कमरेतून वाकून त्यानं सगळ्यांना नमस्कार केला. आबा ताठ झाले. मैदानात उतरलेला पैलवान जशी सलामी देतो तशी ही सलामी त्यांना वाटली असणार, कारण तेही उठून तसेच वाकले. मग आचारी पुन्हा वाकला. मग आबा. हे बराच वेळ चाललं. शेवटी आईनं आबांचा सदरा मागून ओढला.

मग त्या माणसानं जे केलं, ते मी आजही विसरलेलो नाही. एका हातात सुरी, एका हातात कलथा, आणि दोन्हींनी त्यानं तव्यावर असा काही ताल धरला, की आबांची मान आपोआप डोलायला लागली. आमच्याकडे कुस्ती लागली की हलगी वाजते, तोच कडकडाट! कांदा त्यानं कधी सोलला आणि कधी चिरला हे डोळ्यांना दिसलंच नाही. अंडं हवेत उडवून कलथ्याच्या धारेवर झेललं, ते तिथंच फुटलं आणि टरफल मागं राहून बलक तव्यावर पडला. आई पदराचं टोक तोंडात धरून बघत राहिली. आयुष्यभर चुलीपुढं बसलेली बाई, तिला त्या हातांची किंमत आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होती.

"लय सराव केला आसंल गं त्येनं," आबा आईला म्हणाले. त्यांच्या मानानं ही कुजबुज होती. पलीकडच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

जगदाळेसाहेब माझ्याशी माफक बोलत होते. पगार विचारला नाही, घर विचारलं नाही, हवापाण्यावर मात्र पुष्कळ बोलले. मला शंका यायला लागली. रोहिणीनं तर माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे तव्यावर खिळले होते. आता काहीतरी छाप पाडायलाच हवी, असं मी ठरवलं. आचाऱ्यानं परतलेल्या कोळंब्या ताटलीत वाढल्या होत्या. मी ऐटीत काड्या उचलल्या, सगळ्यांचं लक्ष जाईल असा घसा खाकरला आणि कोळंबी चिमटीत धरली.

कोळंबी काही साबुदाणा नव्हे. तेलातुपानं माखलेली ती बया काड्यांतून सटकली आणि थेट जगदाळेबाईंच्या पैठणीच्या दिशेनं निघाली. मला सगळं संथपणे दिसत होतं. कोळंबी, पैठणी आणि माझं भविष्य. बाईंनी डोळे मिटून घेतले.

आणि आचाऱ्यानं, दुसऱ्या हातानं भात परतत असतानाच, कलथा नुसता आडवा केला. कोळंबी त्यावर अलगद बसली. त्यानं ती माझ्या ताटलीत परत ठेवली आणि पुन्हा वाकून नमस्कार केला.

मग आबा उभे राहिले. "वा रं पठ्ठ्या!" एवढंच म्हणाले, खुर्ची मागं सारली आणि डोक्यावरचा फेटा सोडायला लागले.

आता आमच्याकडची रीत अशी, की मैदानात कुणी डोळ्यांचं पारणं फेडणारी कुस्ती केली, तर जाणता माणूस त्याला फेटा बांधतो. आबांच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण आमच्याकडची आणखीही एक रीत आहे. सोयरिकीच्या बैठकीत माणूस फेटा उतरवतो, तो समोरच्याच्या पायावर ठेवायला. मुलीचा बाप अगदी नाइलाज झाला की तसं करतो, आणि त्याहून मोठी विनवणी नसते. इथं तर मुलाचा बाप उघड्या डोक्यानं, दोन्ही हातांत फेटा घेऊन, डोळ्यांत पाणी आणून चालत येत होता. आणि आचाऱ्याकडे जायची वाट नेमकी जगदाळेसाहेबांच्या खुर्चीवरून होती!

जगदाळेसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ते धडपडत उठले आणि त्यांची तीस वर्षांची मुंबई एका क्षणात गळून पडली.

"आवं आबा, आवं काय करताय ह्ये!" ते आबांचे दोन्ही हात धरून म्हणाले. "पाप लागंल आमाला! पोरगी दिली, दिली म्हंतो न्हवं! आदी त्यो फेटा डोक्याव घाला!"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फेट्याकडे पाहिलं. "सायेब, जरा बाजूला व्हता का?" ते म्हणाले. "ह्या गड्याला फेटा बांधायचाय."

जगदाळेसाहेब खाली बसले. आबांनी तव्याला वळसा घालून आचाऱ्यासमोर फेटा धरला. त्याला भाषा कळत नव्हती, पण मान कळला. त्यानं उंच टोपी काढली आणि मान खाली घातली. आईनं घरच्या सवयीनं फेट्याचं एक टोक धरलं आणि आबांनी त्याला असा फर्मास फेटा बांधला, की आख्ख्या हॉटेलनं टाळ्या वाजवल्या. फेट्याला जाळ लागेल या भीतीनं व्यवस्थापक धावत आला; आबांनी लोंबता शेमला खोचून दाखवला आणि त्याला परत पाठवलं. आचाऱ्यानं मग आपली टोपी दोन्ही हातांनी आबांपुढं धरली. मानाला मान द्यावा म्हणून आबांनी ती डोक्यावर चढवली, आणि माझ्या सोयरिकीची उरलेली बैठक वरपित्यानं ती टोपी घालून केली.

मी मनात पेढे वाटायला घेतले होते. तेवढ्यात जगदाळेबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, पण आपण तर 'नाही' म्हणायला आलो होतो ना?"

जगदाळेसाहेबांनी हात पुसायच्या रुमालानं कपाळ पुसलं. मग खरं काय ते सांगितलं. मुलगी मुंबईत वाढलेली, घर खेड्यातलं; नकारच द्यायचा होता. घरी बोलावून, आपलं अन्न खाऊ घालून नाही म्हणणं जड जातं, म्हणून हॉटेल ठरवलं. पण आता शब्द देऊन बसलो, आणि लोणंदचा माणूस शब्द फिरवत नाही. (लोणंदचं नाव त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून पहिल्यांदा घेतलं.) माझ्या हातातल्या काड्या गळून पडल्या. त्या मात्र कुणी झेलल्या नाहीत.

आबा जराही रागावले नाहीत. ती टोपी सावरत, आयुष्यात पहिल्यांदा खरंच हळू आवाजात म्हणाले, "चुकून दिल्याला शबूद आमी धरत न्हाई. तुमी मोकळं हाय. पर नकार द्यायचा आसंल, तर त्यो पोरीनं द्यावा. तिला कुनी इचारलंय का?"

मला त्या क्षणी आबांचा इतका अभिमान वाटला, की त्यांना दिलेले तिन्ही नियम आठवून मान वर करवेना. कुणीच रोहिणीला विचारलं नव्हतं. मीसुद्धा. सगळे तिच्याकडे वळले. तिनं फेटा बांधलेल्या आचाऱ्याकडे पाहिलं, मग टोपी घातलेल्या आबांकडे पाहिलं आणि हसली.

"मला सासरे पसंत आहेत," ती म्हणाली. "सासूबाईसुद्धा."

"आन् पोरगं?" आबांनी विचारलं.

तेव्हा त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. भाजी घेताना उलटसुलट करून बघतात तसं पाहिलं.

"चालेल," ती म्हणाली.

आमच्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. मी नोकरीत दोनदा वरच्या जागेवर चढलो, मुलांचा बाप झालो, पुढं निवृत्तही झालो. घरात मात्र माझा हुद्दा अजून 'चालेल' हाच आहे.