सदाफुलीचा आळ

लग्न होऊन मी नाशिकरोडच्या चाळीत आले ते सत्तर साली. बारा खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणात एकच नळ. समोरच्या खोलीत मालनबाई राहायच्या. त्यांचे यजमान भिमाजी रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. चाळीत बौद्धांचं ते एकच घर. पण त्यावरून कुणी काही बोलायचं नाही. निदान उघड नाही.

मालनबाईंनी दारापुढच्या मुरमाड पट्टीत सदाफुली लावली होती. मनमाडच्या यार्डात रुळांच्या खडीत ती उगवलेली पाहिली आणि वाळत आलेल्या शेंगा पदराला बांधून आणल्या. रोपं वीतभर झाली की नखानं शेंडे खुडायच्या, म्हणजे झाड पसरतं. पाणी मात्र हात राखून. "लाड केले की मूळ कुजतं हिचं," म्हणायच्या. पांढरी, गुलाबी फुलं बारा महिने असायची. पानं इतकी कडू की शेळ्याही तोंड लावत नसत.

बहात्तरचा पाऊस कोरडा गेला. त्र्याहत्तरच्या मार्चपासून नळ एक दिवसाआड तासभर येऊ लागला. घरटी चार हंडे. माझ्या सासूबाईंनी, नवसाबाईंनी, आमच्या दारात लावलेल्या गुलाबांच्या काड्या झाल्या. समोर सदाफुली फुललेलीच.

एका सकाळी सासूबाईंनी नळावर मालनबाईंचा हंडा पायानं बाजूला सारला. "माणसांना प्यायला नाही, मग तुझ्या झाडांना पाणी कुठून येतं गं? आमच्या आधी येऊन नळ सोडतेस, होय ना?"

"मावशी, थेंब घातला नाय. हिला लागतच नाय."

"पाण्यावाचून कधी काही जगतं का?"

"यांना नळाला हात लावू दिला तिथंच चुकलं," रांगेतून कुणीतरी म्हणालं. त्याला कुणी गप्प केलं नाही. मीही नाही.

तेव्हापासून मालनबाईंचा नंबर शेवटी. दुसरा हंडा भरायच्या आत नळ जायचा. दोन्ही मुलींना त्या ओल्या फडक्यानं पुसून शाळेत पाठवायच्या. धाकटीला खरूज झाली, तर बायका म्हणाल्या, बघा, फुलं धुतलेली आणि पोर घाणीत.

शेवटी मालनबाईच म्हणाल्या, "पंधरा दिवस माझ्या दारावर नजर ठेवा. पाणी घालताना दिसले तर चाळ सोडते."

सासूबाईंनी ते काम मला दिलं. माझं शिवणयंत्र खिडकीशीच होतं. पंधरा दिवस मी पाहिलं. मालनबाई सकाळी वाळकी पानं वेचायच्या, संध्याकाळी मुळाशी मुरूम सारखा करायच्या. पाण्याचा थेंब पडला नाही. उलट खरकटं पाणीसुद्धा त्या दुसऱ्यांदा भांडी विसळायला ठेवायच्या.

सोळाव्या दिवशी चाळ अंगणात जमली. सासूबाई म्हणाल्या, "सांग गं सूनबाई."

मालनबाई माझ्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या घरात मला अजून उभं आयुष्य काढायचं होतं.

"नक्की नाही सांगता येत," मी म्हणाले. "मधूनमधून मी आत जात होते."

भिमाजी पुढे आले. त्यांनी सगळ्यांसमोर मालनबाईंच्या थोबाडीत मारली. मग वाकून एकेक झाड उपटलं आणि उकिरड्यावर भिरकावलं. "झालं समाधान?" त्यांनी कुणाला विचारलं ते कळलं नाही. मालनबाई रडल्या नाहीत. मुलींना घेऊन आत गेल्या.

झाडं गेली तरी नंबर शेवटचाच राहिला, धरणात पाणी येईपर्यंत.

पुढच्या वर्षी सांडलेल्या बियांतून त्या पट्टीत दाट रोपं उगवली. दोन पानांवर आली की मालनबाई खुरपं घेऊन बसायच्या आणि एकही ठेवायच्या नाहीत. वर्षानुवर्षं हेच. एकदा, सासूबाई वारल्यानंतर, मी धीर करून जवळ गेले.

"राहू द्या की एखादं."

त्यांनी उपटलेली मूठभर रोपं माझ्यापुढे धरली. "तुमच्या दारात लावा. तुम्हाला कोण विचारणारंय?"

मी हात पुढे केला नाही. त्यांनी ती उन्हात टाकली आणि खुरपणं पुढे चालू ठेवलं. एक्क्याऐंशी साली भिमाजींची बदली मनमाडला झाली. सामान ट्रकवर चढत होतं तेव्हा मी दारात उभी होते. मालनबाई माझ्यासमोरून दोनदा गेल्या, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.