वगळलेले चार नमुने

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण अख्खं हॉस्पिटल त्यांना मोजणीबाई म्हणायचं. दम्याच्या संशोधन विभागात त्या सव्वीस वर्षं शास्त्रज्ञ होत्या आणि त्यातला निम्मा काळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजण्यात गेला होता. पेशंटला मिठाच्या पाण्याची वाफ द्यायची, खोकून कफ काढायला लावायचा, काचपट्टीवर त्याचा पातळ थर पसरून रंग चढवायचा आणि चारशे पेशी मोजायच्या. कुठल्या जातीच्या किती ते लिहायचं. शरीराची राखण करणाऱ्या पेशीच दम्यात फुप्फुसांवर उलटतात. कुठली जात उलटली ते कळलं की औषध ठरवायला सोपं जातं. मोजायची इतकी सवय की घरी भाजी निवडतानाही बाईंचे ओठ हलत. नवरा म्हणायचा, "आम्ही बापलेक दोघंच आहोत, पुन्हा मोजू नकोस."

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एक शोधनिबंध चांगलाच गाजला होता. चाळीस दमेकऱ्यांच्या कफात त्यांना लाल दाण्यांच्या पेशी भरपूर दिसल्या होत्या, आणि स्टेरॉइड वाढवलं की त्या कमी होत होत्या. आलेख असा सरळ आला होता की विभागप्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरांनी तो छापून भिंतीवर लावला. पुढे हॉस्पिटलात तोच शिरस्ता पडला. दमा हटत नसेल तर स्टेरॉइड वाढवा.

यंदा विभागाने नवीन अभ्यास हाती घेतला: ज्यांना औषध लागूच पडत नाही अशा पेशंटचा. पहिल्याच आठवड्यात एक सुतार आले. चेहरा सुजल्यासारखा, पाठीला बाक, डोळ्यांवर मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा जाड चष्मा. फॉर्म भरताना बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, अशा अभ्यासात पूर्वी भाग घेतला होता का. सुतार म्हणाले, हो, इथेच. तुम्हीच वाफ दिली होती. तेव्हा माझ्या अंगावर निळा शर्ट होता, तुम्ही म्हणालात डाग पडेल, आणि रुमाल दिलात.

बाईंना रुमाल आठवेना. पण दुपारी सुतारांची काचपट्टी बघितली तेव्हा हात थांबला. लाल दाण्यांची पेशी औषधालाही नव्हती. सगळीकडे दुसऱ्याच जातीच्या, तुकड्यातुकड्यांचं केंद्रक असलेल्या पेशी. बाईंनी स्वतःला समजावलं, इतकी वर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यावर चित्र बदलणारच. तरी जेवायचा डबा तसाच ठेवून त्या तळमजल्यावरच्या कोठीत गेल्या. जुन्या काचपट्ट्यांची लाकडी खोकी तिथे रचून ठेवलेली होती. सुतारांची पट्टी सापडली. रंग फिका पडला होता, पण पेशी त्याच होत्या, आणि त्या वेळी सुतारांच्या गोळ्या सुरूही झाल्या नव्हत्या. पट्टीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बाईंच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'जंतुसंसर्ग असावा. नमुना वगळला.'

मग सगळं आठवलं. पेशंट चाळीस नव्हतेच, चव्वेचाळीस होते. चौघांच्या पेशी आलेखाच्या रेषेत बसत नव्हत्या. संसर्ग असेल तर नमुना वगळा, असा नियम होता खरा. पण चौघांपैकी एकालाही ताप नव्हता, आणि बाईंनी तपासून घ्यायची तसदी घेतली नव्हती. परिषद पंधरा दिवसांवर आली होती आणि रेषा सुरेख दिसत होती. मोठ्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं, काही खराब नमुने होते का? त्या म्हणाल्या होत्या, चार.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ समजूत काढत राहिला. इतक्या वर्षांच्या कामात एखादी चूक कुणाच्याही हातून होते, त्यात तुझा हेतू काही वाईट नव्हता, असं म्हणाला.

"चूक नकळत होते," बाई म्हणाल्या. "मला ते चार नको होते, म्हणून मी ते काढले."

मोठे डॉक्टर आता निवृत्तीला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं, भिंतीवरच्या आलेखाकडे बघायचं टाळलं, आणि म्हणाले की तेव्हा त्या दुसऱ्या जातीवर द्यायला आपल्याकडे औषधच नव्हतं, फार फरक पडला नसता. बाईंनाही हा आधार हवाहवासा वाटला. पण जिना उतरता उतरता तो गळून पडला. औषध नसेल, पण उपयोग नसलेल्या, हाडं आणि डोळे पोखरणाऱ्या गोळ्या तरी त्या माणसाच्या पोटात गेल्या नसत्या. शिवाय तो शिरस्ता पाडला होता कोणी?

शनिवारी त्या सुतारांच्या कारखान्यात गेल्या. जाताना चार वेळा वाक्यं जुळवली होती, दारात पोचल्यावर एकही आठवलं नाही. सुतार खिडकीशी स्टुलावर बसून एका खुर्चीच्या पायाला पॉलिश पेपर मारत होते. रंधा ओढायचं त्यांनी कधीच सोडलं होतं. त्यांची बायको शेजारी फळ्या पुसत होती. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

सुतारांनी पेपर खाली ठेवला. हातावरचा भुसा झटकला.

"मी विचारलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी मुद्दाम येऊन विचारलं होतं, बाई, माझ्या तपासणीत काय निघालं. तुम्ही म्हणालात, काही विशेष नाही."

बाईंना हेही आठवत नव्हतं. पण आपण असंच म्हणालो असणार, याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नव्हती.

"दादा, मी माफी मागायला आलेय," त्या म्हणाल्या.

"माफीचं नंतर बघू," सुतार म्हणाले. "आता श्वासाचं काही होईल का, ते सांगा."

बायको फळ्या उचलून आत निघून गेली.

पुढचं सगळं सावकाश झालं. गोळ्या एकदम बंद करता येत नाहीत, म्हणून सात महिने त्या थोड्याथोड्या उतरवल्या, आणि त्या दुसऱ्या जातीवर आता मिळू लागलेलं औषध सुरू केलं. बाईंनी चव्वेचाळीसही पट्ट्या पुन्हा मोजल्या आणि स्वतःच्या नावाने दुरुस्तीचं पत्र मासिकाला पाठवलं. ते छापून आल्यावर काही सहकाऱ्यांनी बोलणं कमी केलं. झाकली मूठ उघडायची काय गरज होती, असं एकजण तोंडावर म्हणालासुद्धा. मोठ्या डॉक्टरांनी आलेख भिंतीवरून काढला. तिथे चौकोनी फिका डाग राहिला. उरलेल्या तिघांचाही बाईंनी शोध घेतला. एकाने घर बदललं होतं, पत्ता लागला नाही. एका बाईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला आली. तिसरा तीन वर्षांपूर्वीच गेला होता. कशाने गेला, हे त्याच्या मुलीला विचारायचा धीर बाईंना झाला नाही. ते न विचारणंही त्यांच्या मनात रुतून बसलं.

सुतार दर तीन महिन्यांनी कफ द्यायला येतात. पाठ काही सरळ होणार नाही, पण छातीतली घरघर कमी झाली आहे. बाईंशी ते नीट बोलतात, लाकडाच्या जाती समजावून सांगतात. बायको सोबत येते, बाहेरच्या बाकावर बसते आणि बाई समोर आल्या की दुसरीकडे बघते. बाईंना यात काही वावगं वाटत नाही. उलट सुतारांच्या गप्पांपेक्षा हे सोसायला सोपं जातं.

गेल्या खेपेला मात्र ती आपणहून बोलली, नजर समोरच्या दारावर ठेवून.

"आज हे जिना न थांबता चढले."

बाई बाकाशी थबकल्या. 'बरं झालं' हे दोन शब्द ओठांवर आले, पण ते म्हणायचा आपल्याला हक्क आहे का, हे त्यांचं ठरेना. तेवढ्यात आतून सुतारांच्या खोकल्याचा आवाज आला. बायको उठून त्यांच्याकडे गेली, आणि ते शब्द तसेच राहिले.