सुभेदार दिवेकरांची तसबीर घेऊन खडकवासल्याला

पुण्यात राहून पुण्यातच मारलेल्या फेरीला प्रवास म्हणावे का, अशी शंका काही वाचकांना येईल. कर्वेनगरहून रास्ता पेठ, तेथून स्वारगेटच्या पलीकडचे आमचे कबरस्तान आणि शेवटी सिंहगड रस्त्याने खडकवासला, एवढेच अंतर मी त्या रविवारी कापले. मात्र रविवारच्या सिंहगड रस्त्यावर जेवढा वेळ जातो, तेवढ्यात द्रुतगती मार्गाने मुंबई गाठता येते. म्हणून मी त्याला प्रवासच म्हणते.

निमित्त होते एका दूरध्वनीचे. निवृत्त हवालदार ज्ञानोबा साठच्या दशकात माझ्या वडिलांच्या, म्हणजे सुभेदार शालोम दिवेकरांच्या, हाताखाली पायदळात होते. त्यांचे गाव खडकवासल्याच्या अलीकडे आहे. अलीकडेच ते महापालिकेच्या हद्दीत आले, त्यामुळे तेथे कर पोहोचला आहे आणि पाणी अद्याप यायचे आहे. गावच्या शाळेत एक सैनिक दालन उभे राहत होते आणि त्यासाठी ज्ञानोबांना वडिलांची तसबीर व पदके हवी होती. मी नकार देणार होते. माझ्या अनुभवात आपल्याकडील दालने उद्घाटनापुरती असतात. त्यानंतर त्यांत मोडकी बाके ठेवतात.

तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांच्या हातचं पत्र हाय माझ्याकडं. माझं चुलतं, तुकाराम, इटलीत पडलं तवा सुभेदारसाहेबांनीच आमच्या आज्जीला लिवलं. त्येबी लावायचं हाय दालनात."

वडील तेव्हा, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, साधे शिपाई होते. तुकडीत लिहिता येणारे ते एकटेच, त्यामुळे सगळ्यांची पत्रे तेच लिहीत, एवढे आईकडून ऐकले होते. इटलीबद्दल ते स्वतः कधी बोलले नाहीत. पानशेतच्या पुरात आमचे नदीकाठचे बिऱ्हाड वाहून गेले. तसबीर आणि पदके तेवढी आईने उराशी धरून वाचवली, कागद मात्र सगळे गेले. माझ्याकडे वडिलांच्या हस्ताक्षरातली एक ओळही नाही. मी ज्ञानोबांना होकार दिला.

गाडी घेऊन आला ज्ञानोबांचा पुतण्या निखिल. तो माझा विद्यार्थी. महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवताना ज्यांना पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले, अशा मोजक्या विद्यार्थ्यांपैकी एक. आता तो हिंजवडीला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. वडिलोपार्जित जमिनीवर बिल्डरने इमारती बांधल्या, त्यांतल्या एकीच्या अकराव्या मजल्यावर राहतो. दालनाचा खर्चही त्याचाच. बरोबर साडेसात वाजता तो दारात उभा होता, ही गोष्ट मी त्याच्या नावे जमा धरली.

पहिला थांबा रास्ता पेठेतले आमचे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर. कोणाला पाहायचे असल्यास दोन दिवस आधी विचारून ठेवावे, ओळखपत्र न्यावे आणि गल्लीत चारचाकी घालण्याचा अट्टहास करू नये. मुंबईतल्या दहशतवादी हल्ल्यात ज्यूंचे केंद्रही लक्ष्य झाले, तेव्हापासून दारात पोलीस असतो. त्या दिवशीचा पोलीस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"बाई, सहा महिने झाले इथं ड्युटीला," तो वहीत माझे नाव लिहीत म्हणाला. "आत कोण देव आहे, ते काही कळलं नाही."

"मूर्ती नाही," मी म्हणाले.

"मग चोरायला तरी काय येणार?"

तो मनापासून विचारत होता. चोरायला नव्हे, मारायला येतात, असे मी त्याला सांगितले. त्याने चहाचा पेला खाली ठेवला आणि टोपी नीट केली.

आत दोन मिनिटे थांबून आम्ही निघालो. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला लागले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवार आमचा विसाव्याचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावे गावांवरून पडली, घरात भाषा मराठी. स्टाफरूममध्ये तीस वर्षे लोक मला "म्हणजे आपण कोकणस्थच ना?" असे विचारीत आले आणि उत्तर ऐकल्यावर विषय बदलीत आले.

निखिलने विषय बदलला नाही. त्याचे कुतूहल उतू जात होते. "मॅडम, तुमच्या लोकांचं मला फार कौतुक आहे. जगातल्या सगळ्या बँका, सगळा मीडिया तुमच्याच हातात. प्लॅनिंग म्हणजे काय असतं ते बघा."

"माझ्या हातात बँकेचे पासबुक आहे," मी म्हणाले, "आणि त्यात नोंद करून घ्यायला मला तीन खेपा घालाव्या लागतात."

तो हसला. मीही विषय तेथेच सोडला. हुशार माणसाचा अडाणीपणा समजून सोडून दिला. प्रयोगवहीत एक निरीक्षण खोटे आढळले तरी पूर्ण वही परत करणारी मी, त्या वाक्यावर मात्र एक विनोद करून समाधान मानले. माझी पहिली चूक ही.

कबरस्तानात फुले वाहत नाहीत. कबरीवर एक लहान खडा ठेवायचा आणि बाहेर पडताना हात धुवायचे. वडिलांच्या दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. गवत गुडघ्याएवढे वाढले होते, त्यासाठी रखवालदाराला मी जे सुनावायचे ते सुनावले. निखिलने स्वतःहून खडा शोधून आणला, रुमालाने पुसला आणि ठेवला. तो वाईट मुलगा नाही. पुढचे वाचताना हे लक्षात असू द्यावे, कारण मलाच ते लक्षात ठेवणे जड जाते.

सिंहगड रस्त्यावर वडगावच्या पुढे मिसळ खाल्ली. तर्री दिखाऊ, मटकी कच्ची, पाव मात्र ताजा. दोघांचे शंभराच्या आत भागले. धरणाच्या भिंतीखालच्या भजी आणि कणसांच्या गाड्यांमुळे थेट गावाच्या फाट्यापर्यंत तुंबलेल्या वाहतुकीत चाळीस मिनिटे गेली. ज्यांना जायचे असेल, त्यांनी नऊच्या आत धरण गाठावे.

शाळेच्या दारात ज्ञानोबा इस्त्रीचा सदरा घालून, छातीवर पदके लावून उभे होते. सत्तरी ओलांडली आहे, पण पाठ सरळ. त्यांनी मला कडक सलाम ठोकला. सलाम मला नव्हे, हातातल्या तसबिरीला होता. मग पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद त्यांनी काढला. मला दुरूनच ते तिरके, काटेकोर अक्षर दिसले.

"आधी दालन बघा बाई," ते म्हणाले, "मग बसून वाचा निवांत."

दालन स्वच्छ होते. एका भिंतीवर गावातल्या सैनिकांसाठी खिळे मारले होते. समोरच्या भिंतीवर रंगाऱ्याकडून सहा मोठी चित्रे काढून घेतली होती, वर मथळा, 'जगातील महान सेनानी'. डावीकडून पाचवे चित्र त्या जर्मन हुकूमशहाचे होते. तीच आखूड मिशी, तोच वर गेलेला हात. खाली एकच शब्द: शिस्त.

वडिलांची तसबीर त्याच्या बरोबर समोर येणार होती.

"हे कोणी ठरवले?" मी विचारले.

"मीच, मॅडम," निखिल म्हणाला. "लीडरशिप बघा ना. हरलेला देश कुठल्या कुठे नेला त्यानं. आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांच्या टेबलावर त्याचं पुस्तक असतं, मॅनेजमेंटचं म्हणून."

मी ज्ञानोबांकडे वळले. "हवालदार, तुमचे चुलते कोणाच्या गोळीने गेले?"

"जर्मनाच्या."

"त्या जर्मनांचा म्होरक्या हा."

ज्ञानोबा चित्राच्या जवळ गेले. "ह्यो व्हय?" एवढेच म्हणाले.

निखिल अवघडला, पण तो प्रकल्प सांभाळणारा माणूस. तोडगा त्याच्याकडे तयार होता. "मॅडम, तुमच्या समाजाच्या भावना मी समजू शकतो. उद्घाटनाच्या दिवशी आपण त्यावर पडदा टाकू."

"माझ्या भावनांचा यात संबंध नाही. ज्याच्याविरुद्ध या गावचा माणूस लढून मेला, त्याला या गावच्या शाळेत महान म्हणणे हे असत्य आहे. आणि ज्याने माझ्या समाजाची बायकामुले आगगाडीत भरून मारायला पाठवली, त्याच्या चित्राखाली शिस्त लिहिणे हे त्याहून नीच आहे."

"त्याबद्दल नेटवर दोन मतं आहेत, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "किती मेले, खरंच कसे मेले. मी दोन्ही बाजू वाचल्यात."

आवाज चढला नव्हता. अदबही सुटली नव्हती. निरीक्षण कसे करावे, पुरावा कशाला म्हणावे, हे या मुलाला मी शिकवले होते, आणि त्यात तो वर्गात पहिला होता.

मी ज्ञानोबांना विचारले, "तुमचे काय म्हणणे?"

ते खाली पाहत होते. "पोरानं पैका घातलाय, बाई. भित त्येची."

"मग तुम्ही चुलत्याला दुसऱ्यांदा पुरलेत, हवालदार."

त्यांच्या छातीवरची पदके किंचित हलली. मी तसबीर आणि पदकांची डबी घेऊन बाहेर पडले. पत्र न वाचताच. निखिल गाडीपर्यंत मागे आला, पण मी फाट्यावर जाऊन स्वारगेटची बस धरली. उभ्यानेच यावे लागले. एका बाईने तसबीर मांडीवर घेतली आणि विचारले, "तुमचे मालक का?" वडील म्हटल्यावर तिने पदराने काच पुसली.

स्वारगेटहून रिक्षाने कर्वेनगर. रिक्षावाल्याने नदीच्या पलीकडून वळसा घातला, त्याबद्दल बोलण्याचे त्राण नव्हते.

दालनाचे उद्घाटन दोन आठवड्यांनी झाले. पडदाही टाकला नव्हता; प्रमुख पाहुण्यांचा फ्लेक्स योगायोगाने आडवा आला, एवढेच. हे मला त्या संध्याकाळी ज्ञानोबांनी दूरध्वनीवर सांगितले. चुलत्याचे पदक भिंतीवर लावले होते. पत्र लावले नव्हते.

"पोरगं लई मागं लागलं. न्हाई दिलं. त्या माणसाम्होरं न्हाई लावायचं म्हनलं."

मी पत्र मागितले. विकत नव्हे, पाहायलाही नव्हे. एक छायाप्रत मागितली.

"न्हाई बाई. त्या दिवशी तुमी जे बोलला, त्येच्यानंतर हे पत्र दाराभाईर जायचं न्हाई. पर आयका. वाचतो."

त्यांनी अडखळत, एकेका शब्दावर थांबत वाचले. तुकाराम गेला तेव्हा मी शेजारी होतो, त्रास फार झाला नाही, असे वडिलांनी लिहिले होते. हे बहुधा खरे नसावे. पुढे होते: 'तुमच्या रीतीप्रमाणे अग्नी द्यायला पाहिजे होता. पाऊस होता, लाकूड मिळाले नाही. आमच्या रीतीने माती दिली, आणि आमची प्रार्थना म्हटली, कारण मला दुसरी येत नव्हती. आई, याची क्षमा असावी.'

ज्ञानोबांनी दूरध्वनी ठेवला. क्षमा मागायला माझ्याकडेही कारण होते: 'चुलत्याला दुसऱ्यांदा पुरलेत' हे माझे बोलणे. मी क्षमेचे वाक्य मनात तीनदा जुळवले, आणि तोवर उशीर झाला होता.

तसबीर पुन्हा दिवाणखान्यात आहे. शाळेच्या विश्वस्तांना मी तीन पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले: एका समाजाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत. चौथे पत्र मी लिहिणार आहे, पण माझे एकटीचे पत्र ते भावनांच्या खात्यातच टाकतील. म्हणून ही विनंती जे या समाजाचे नाहीत, त्यांना आहे.

खडकवासल्याला तुम्ही जाताच. परतताना गावाच्या फाट्यावर थांबा. दालन रविवारी अकरा ते पाच उघडे असते, प्रवेश विनामूल्य आहे, चपला बाहेर काढाव्या लागतात. डावीकडून पाचव्या चित्रापाशी उभे राहा, आणि तेथे जो कोणी असेल त्याला विचारा की तुकाराम कोणाशी लढताना गेला.